हंगाम तोंडावर आलाय – उसाच्या ट्रॉलीला रिमोल्ड टायर घालावेत का?

वारणाकाठ | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. थोड्याच दिवसांत कारखान्यांची धुराडी पेटतील. वाळवा, पलूस, कराड, इकडं शिराळ्यापर्यंत सगळ्या गावांतून ट्रॉल्या वेल्डिंगच्या दुकानांपुढं उभ्या आहेत. पाटे बदलणं, फळ्या मारणं, रंग देणं चाललंय. टायरचा विषय आला की मात्र सगळे एकच वाट धरतात: ट्रकवरून उतरलेले ९.००-२० किंवा १०.००-२० चे नायलॉन टायर आणायचे, रिमोल्ड करायचे, म्हणजे झिजलेल्या नक्षीवर नवं रबर चढवायचं, आणि ट्रॉलीला चढवायचे.

माझं स्पष्ट मत आहे की डबल ट्रॉलीला, म्हणजे एका ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांच्या जोडीला, रिमोल्ड टायर लावायला बंदीच हवी. भरलेल्या ट्रॉलीचा एक टायर गेला की ती कलते. रस्त्याच्या कडेनं दुचाकी असते, सायकलवरची शाळेची पोरं असतात. आठ टायरांच्या पैशांसाठी हा धोका का पत्करायचा? जाणकारांनी सांगावं, रिमोल्ड खरंच चालतात का? आणि ज्याला नवे परवडतच नाहीत, त्यानं टायर घेताना काय बघून घ्यावं?

कॅसिंग | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

दादा, तळमळ पटली, पण बंदीचा मुद्दा पटत नाही. विमानाच्या टायरांवरही पुन्हा पुन्हा नवं रबर चढवतात आणि तेच टायर धावपट्टीवर उतरतात. तेव्हा रिमोल्ड या शब्दाला भिऊ नका, कुठल्या सांगाड्यावर रबर चढवलंय ते बघा. टायरचं खरं बळ त्याच्या कॅसिंगमध्ये, म्हणजे नायलॉनच्या धाग्यांचे थर आणि कडेची तार यांत असतं. वरची नक्षी हा फक्त झिजायचा भाग.

चांगल्या दुकानात काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे खराब काम ओळखता येईल. आधी टायर फाकवून आतून-बाहेरून दिव्याखाली बघतात आणि प्रत्येक खिळ्याचं भोक टोच्यानं तपासतात. मग जुनं रबर यंत्रावर घासून ठरावीक गोलाईत आणतात. जिथं जखम आहे तिथलं रबर कापून काढतात, आतून पॅच लावतात. त्यावर सोल्युशन, मग कुशन रबराचा पातळ थर आणि शेवटी नक्षीची तयार पट्टी. हा थंड प्रकार. पाकीट चढवून टायर चेंबरमध्ये ठेवतात, शंभर अंशांच्या आसपास उष्णता आणि दाब काही तास देतात. गरम प्रकारात कच्चं रबर चढवून साच्यात दीडशे अंशांच्या जवळपास शिजवतात. थंड प्रकारात कॅसिंगला कमी भाजावं लागतं.

चुका होतात त्या पहिल्याच पायरीला. बघणीच धड होत नाही. आतला थर सुटलेला असतो, त्यावरच पट्टी चढते, कडेला काळा रंग मारला की टायर नव्यासारखा चमकतो. वरून कीर्तन, आतून तमाशा.

माणदेशी | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:४८

+१. रस्त्यावर रबराचे लांब पट्टे पडलेले दिसतात, ते बघून लोक लगेच रिमोल्डला शिव्या देतात. असा पट्टा उलटा करून बघा. मागची बाजू सपाट, घासल्यासारखी खरबरीत असेल तर चिकटवणीत चूक होती. मागं नायलॉनचे धागे किंवा तारा चिकटून आल्या असतील तर पट्टी पक्की होती, खालचं कॅसिंगच फाटलं. असं फाटणं नव्या टायरचंही होतं. हवा कमी, माल जास्त आणि ऊन, या तिघांपुढं नवा-जुना टिकत नाही.

वारणाकाठ | १२ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

@कॅसिंग, दुकानदार तर सगळेच म्हणतात की आमची बघणी कडक आहे. घेणाऱ्यानं स्वतः काय बघायचं?

कॅसिंग | १२ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

टॉर्च घ्या आणि टायर रिमवर चढायच्या आधी बघा. चढल्यावर निम्मं काही दिसत नाही.

आतून हात फिरवा. धागा उघडा लागला, आडवी सुरकुती किंवा फुगवटा लागला तर नको. आत काळी पूड जमलेली असेल तर तो टायर कमी हवेवर पळालेला आहे, ती पूड म्हणजे घासून निघालेलं आतलं रबर. असा टायर बाहेरून कितीही चांगला दिसो, सोडून द्या. मग रिमवर बसणारी कड बघा. तार उघडी पडलेली, वाकलेली किंवा रबर फाटलेलं असेल तर त्याला इलाज नाही.

बाहेरून पट्टीचा सांधा शोधा. नख घालून बघा, नख आत शिरता कामा नये. पट्टीच्या दोन्ही कडा कॅसिंगच्या खांद्यावर सपाट बसलेल्या हव्यात. कॅसिंगपेक्षा रुंद पट्टी लावली असेल तर कडा लोंबते आणि तिथूनच उकलायला लागते.

शेवटी जन्मतारीख. कडेवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५ वा आठवडा. रिमोल्ड करताना कडेचं रबर मूळचंच राहतं, म्हणून तारीखही राहते. ती घासून काढलेली दिसली तर पुढं बोलणंच नको.

पोकळ_खांब | १२ ऑक्टोबर, दुपारी १:१०

टायरवरची चर्चा चांगली आहे, पण मूळ दुखणं वजनाचं आहे. त्याबद्दल कोणी बोलत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं चाललंय.

कारखान्याच्या काट्याची पावती हातात घ्या. त्यावर भरलेलं आणि रिकामं अशी दोन्ही वजनं असतात. हिशोब असा मांडा. समजा चारचाकी ट्रॉली मोकळी २.२ टन आहे आणि तिच्यात ऊस १० टन भरला. झाले १२.२ टन. चार चाकांवर वाटलं तर प्रत्येक टायरवर ३.०५ टन. आता टायरच्या कडेवरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचा आकडा, वाचा. ९.००-२० च्या १४ पीआर (प्लाय रेटिंग, म्हणजे थरांच्या ताकदीचा आकडा) टायरवर साधारण १४०/१३७ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. १४० म्हणजे २५०० किलो. म्हणजे प्रत्येक टायरवर साडेपाचशे किलो जास्त, २२ टक्के. हे रस्ता सपाट आणि भरणी सारखी असेल तर. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते, म्हणून डावीकडच्या चाकांवर आणखी भार येतो.

या टायरवर नेमात बसायचं तर एका ट्रॉलीत साडेसात टनांच्या आसपास ऊस भरावा लागेल. १०.००-२० चा १६ पीआर टायर घेतला तर त्यावर १४६ असतं, म्हणजे ३००० किलो, आणि मग पावणेदहा टनांपर्यंत जाता येतं. तेही टायर नवा आणि हवा पूर्ण असेल तर.

हेडवाला | १२ ऑक्टोबर, दुपारी २:०२

पोकळ_खांब साहेब, गणित बरोबर आहे, पण एक गोष्ट राहिली. तो लोड इंडेक्स ताशी शंभर-एकशेदहाच्या वेगासाठी दिलेला असतो. भरलेल्या ट्रॉल्या ओढणारं हेड, म्हणजे ट्रॅक्टर, वीस-पंचवीसच्या वर जात नाही. कमी वेगाला जास्त वजन चालतं, असे टायर कंपन्यांचे तक्तेच आहेत. मग साडेसात टनांवर अडकायचं काय कारण? तेवढ्या खेपेत डिझेल, ड्रायव्हर आणि ऊसतोड टोळीचं गणित बसत नाही.

पोकळ_खांब | १२ ऑक्टोबर, दुपारी २:४०

बरोबर आहे भाऊ, कमी वेगाची सवलत खरी आहे. पण त्या तक्त्यात जास्त वजनाबरोबर हवाही वाढवायला सांगितलेली असते. ती कोण वाढवतं? शिवाय ती सवलत चांगल्या कॅसिंगसाठी आहे. आपण ट्रकवर एक आयुष्य काढून आलेल्या कॅसिंगबद्दल बोलतोय. त्यात ट्रॉली फडात शिरते, तिथं तोडलेल्या उसाचे टोकदार बुडखे टायरच्या कडेत घुसतात. फडातून रस्त्यावर चढताना एका बाजूची दोन चाकं हवेत आणि सगळा भार दुसऱ्या दोनांवर. गणितातली सवलत त्या एका चढावर संपते.

आटपाडीचा_वारा | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:२०

हवेबद्दल सविस्तर कोणी लिहा ना. आमच्याकडं टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, आपटून आवाजावरून हवा ठरवतात.

माणदेशी | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१५

टॉमी आपटून सपाट झालेला टायर तेवढा कळतो. वीस टक्के हवा कमी असलेला आणि पूर्ण भरलेला टायर आवाजाला सारखेच वाटतात, आणि वीस टक्के कमी म्हणजे वजनाच्या गाडीला पंक्चरच समजा. या टायरांना शंभर पीएसआयच्या आसपास किंवा वर हवा लागते. नेमका आकडा कडेवर लिहिलेला असतो. ट्रकसाठीचा १५० च्या वर दाखवणारा गेज मिळतो, तो स्वतःचा घ्या आणि हेडच्या टूलबॉक्समध्ये ठेवा. पंक्चरच्या दुकानातल्या काट्यावर विसंबू नका, दोन दुकानांत पाच-दहाचा फरक सहज निघतो.

हवा सकाळी, खेप निघायच्या आधी, टायर गार असताना बघायची. पळून आलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते. ती कोणी सोडू नये. सोडली तर गार झाल्यावर कमी पडते आणि दुसऱ्या दिवशी टायर आणखी तापतो.

एक सोपी परीक्षा सांगतो. भरलेली ट्रॉली दहा-बारा किलोमीटर आल्यावर थांबवा आणि आठही टायरांच्या कडेला हाताची मागची बाजू लावत फिरा. सगळे कोमट आणि एकच चटका देतोय, तर त्याची हवा कमी आहे किंवा आतून थर सुटतोय. तसाच हात हबलाही लावा. हब तापलेला असेल तर बेअरिंग बघायला हवं.

व्हॉल्व्हची टोपी ही शोभेची वस्तू नाही. फडातली माती व्हॉल्व्हमध्ये शिरली की रोज थोडी थोडी हवा जाते. आटपाडी-जतकडच्या रानात बाभळीचा काटा हे वेगळं दुखणं. काटा आत मोडून राहतो, ट्यूबला पॅच लावून टायर पुन्हा चढवतात आणि तोच काटा दुसरं भोक पाडतो. टायर आतून हातानं चाचपल्याशिवाय ट्यूब घालू देऊ नका. ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी) यांच्या मधे शंखजिऱ्याची पूड मारा आणि नव्या ट्यूबला जुना, कडा मुडपलेला फ्लॅप लावू नका.

लॉकरिंग | १२ ऑक्टोबर, रात्री ९:३०

हवेचा विषय निघालाय तर हे सगळ्यांनी वाचावं. टायर रस्त्यावर फुटला तर माणूस वाचण्याची शक्यता तरी असते. हवा भरताना रिंग उडाली तर समोरचा माणूस वाचत नाही.

२० इंची रिमला एका बाजूला निघणारी लोखंडी रिंग असते. ती खाचेत नीट बसली नसेल आणि आत शंभर पीएसआय हवा गेली, तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. म्हणून चाक ट्रॉलीवरून काढायच्या आधीच, नट ढिले करण्यापूर्वी, व्हॉल्व्हमधली पिन काढून सगळी हवा सोडायची. तार घालून खात्री करायची की व्हॉल्व्ह मातीनं तुंबलेला नाही. मग नट.

बसवताना रिमची खाच आणि रिंग वायर ब्रशनं घासून गंज काढा. वाकलेली, तडा गेलेली, वेल्डिंग केलेली रिंग वापरायचीच नाही. एका बनावटीची रिंग दुसऱ्या रिमवर बसल्यासारखी वाटते, पण बसत नाही. आधी दहा-पंधरा पीएसआय भरा, थांबा, रिंग सगळीकडून सारखी बसली का बघा. बसली नसेल तर हवा पूर्ण सोडून पुन्हा बसवा. हवा असताना हातोडा मारून रिंग बसवणं म्हणजे मरणाला बोलावणं आहे. पुढची हवा लोखंडी पिंजऱ्यात भरायची. पिंजरा नसेल तर डिस्कच्या भोकांतून जाड साखळी तीन-चार वेढे घालून बांधा, रिंगची बाजू जमिनीकडं करा, चिमट्याचं नोझल लावा आणि लांब नळी घेऊन बाजूला उभे राहा. चाकावर पाय ठेवून हवा भरणारा पोरगा दिसला तर त्याला तिथून उठवा.

वारणाकाठ | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

@लॉकरिंग, हे छापून प्रत्येक पंक्चरच्या दुकानात लावायला हवं. मनापासून आभार.

सातारारोड | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

थोडं विषयांतर. ट्रॉलीच्या टायरची जन्मतारीख बघायची तशी कारचीही बघायची का? गाडी २०१७ ची, टायर मूळचेच, नक्षी भरपूर शिल्लक. महिन्यातून एकदा सातारा-पुणे आणि अधूनमधून पसरणी घाट. दुकानदार म्हणतो नायट्रोजन भरा, अजून दोन वर्षं जातील.

कॅसिंग | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

बघायचीच. कमी फिरणाऱ्या कारचे टायर झिजून जात नाहीत, म्हातारे होऊन जातात. नक्षीच्या खोबणीत मधे मधे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिमी. रबर तिथवर झिजलं की कायद्यानंच टायर बाद. पण वयाला असा उंचवटा नसतो. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर रिमवरून उतरवून आतून तपासावा आणि दहा वर्षांच्या पुढं कितीही नक्षी असली तरी ठेवू नये, असं बऱ्याच कंपन्या स्वतःच सांगतात. तुमचे आठ वर्षांचे झालेत. खोबणीच्या तळाशी आणि कडेला बारीक भेगा दिसत असतील तर बदलून टाका. स्टेपनीचीही तारीख बघा, ती मोजायची सगळे विसरतात.

नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेतच तो ७८ टक्के असतो. भरलात तर नुकसान नाही, पण त्यानं म्हातारं रबर तरुण होत नाही.

घाटउतार | १३ ऑक्टोबर, सकाळी १०:००

सातारारोड, पुण्याकडं जाताना तुम्ही खंबाटकीचा बोगदा घेता. बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतार आणि लगेच ते एस वळण. तिथं गाडीचा वेग आपोआप वाढलेला असतो. पावसात जुन्या, कडक झालेल्या रबराची पकड तिथंच सुटते. पसरणी उतरताना दुसऱ्या गियरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही, आणि त्याच वेळी रिमची उष्णता टायरलाही जाते.

रबरकाका | १३ ऑक्टोबर, सकाळी ११:४५

वय, हवा आणि ऊन यांचं एक मोठं उदाहरण आहे. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोननं ६५ लाख टायर परत बोलावले. त्यांतले बरेच फोर्ड एक्सप्लोरर या उंच गाडीवर होते. टायरची नक्षी आतल्या पोलादी पट्ट्यापासून सुटून यायची आणि गाडी उलटायची. फोर्डनं त्या गाडीला २६ पीएसआय हवा सांगितली होती. त्यावरून दोन्ही कंपन्या एकमेकींकडं बोट दाखवत राहिल्या: एक म्हणे टायर कच्चा, दुसरी म्हणे हवा कमी आणि गाडीच उलटण्याजोगी. घटना जास्त करून गरम हवेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत झाल्या. त्याच वर्षी तिथं कायदा झाला आणि पुढं गाडीत हवा कमी झाल्याचा दिवा सक्तीचा झाला.

तिथं नव्या टायरचं हे झालं. आपल्या ट्रॉलीला तर असा दिवाच नाही. हाताची मागची बाजू हाच दिवा, माणदेशींनी सांगितला तसा.

हेडवाला | १३ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

हेडबद्दलही लिहितो. फडात काम करताना ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक वेगळे वापरतात. रस्त्यावर आल्यावर दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. ती न लावता एकाच पेडलवर पाय पडला तर एकच मागचं चाक धरतं, हेड गर्रकन फिरतं आणि ट्रॉली पाठीमागून ढकलत येते. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, सगळा भार हेडच्या दोन चाकांवर. म्हणून उतारावर न्यूट्रल करायचं नाही आणि उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गियर टाकायचा. मधेच गियर बदलायला गेलं आणि पडला नाही, तर हातात काही राहत नाही.

मागच्या टायरांत पाणी भरायचं असेल तर व्हॉल्व्ह वरच्या टोकाला ठेवून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंतच भरा. तेवढ्यात टायर ७५ टक्के भरतो. वरची जागा हवेसाठी हवीच, नाहीतर टायर दगडासारखा आदळतो. मागं पाणी आणि ट्रॉलीची ओढ, यानं चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. पुढं वजनाच्या प्लेटा लावा. पुढच्या चाकांना रिमोल्ड अजिबात नको, तिथं माझंही मत वारणाकाठ दादांसारखंच.

कृष्णामाई | १३ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

नदीकाठच्या गावांसाठी एक सांगायचं आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाची कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. पाणी त्याच्या वर गेलं की खालच्या रानात उभ्या ट्रॉल्यांचे हब पाण्यात बुडतात. वरून धुऊन रंग दिला जातो, पण हबमधलं ग्रीस पाणी आणि गाळ मिसळून पांढरट झालेलं असतं. ते बेअरिंग पहिल्या आठवड्यातच जळतं आणि चाक निखळतं. बुडालेल्या ट्रॉलीचे सगळे हब उघडा, टेपर बेअरिंग रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुऊन वाळवा. रुळांवर निळसर डाग किंवा खड्डे दिसले तर बदला. तळव्यावर ग्रीस घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूनं दाबत भरा, दुसरीकडून ग्रीस बाहेर येईपर्यंत.

बसवताना चाक फिरवत फिरवत नट आवळा, चाक जड लागलं की एक खाच मागं घ्या आणि स्प्लिट पिन घाला. पिन नवी, जुनी सरळ करून नको. मग चाक वर-खाली धरून हलवा. खटखट नको आणि फिरायला अडकायलाही नको.

ताई_पलूसकर | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४०

टायर फुटून होतात त्याहून कितीतरी अपघात अंधारात उभ्या ट्रॉलीला मागून धडकून होतात. ट्रॉली रस्त्यात उभी राहते ती बहुतेकदा पंक्चरमुळेच, म्हणजे हा याच धाग्याचा भाग आहे. परावर्तक पट्टी मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर लावलेली पट्टी ऊस भरल्यावर लोंबणाऱ्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांनी, झाकून जाते. म्हणून अशी पट्टी लावलेली वेगळी लाल फळी किंवा जाड कापड दोरीनं उसाच्या मोळ्यांच्या वर, बाहेरच्या बाजूला बांधा. पंक्चर झालं तर त्रिकोणी फलक पन्नास पावलं मागं ठेवा. रस्त्यावर दगड ठेवून ते तिथंच सोडून जाऊ नका, नंतर दुचाकीवाला त्यावर आदळतो.

आटपाडीचा_वारा | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:०५

ताईंना अनुमोदन. खूण म्हणून उसाच्या मोळीला बांधलेली ती कापडी चिंधी रात्री दिसत नाही, हे सगळ्यांनी मान्य करायला हवं.

वारणाकाठ | १३ ऑक्टोबर, रात्री ८:३०

एवढं वाचल्यावर बंदीचा हट्ट सोडतो. वजनाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. पण जीएसटी कमी झाल्यावर नवे टायरच परवडतील असं ऐकलं, ते खरं का?

पोकळ_खांब | १३ ऑक्टोबर, रात्री ९:००

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या मागच्या टायर-ट्यूबवर कर १८ वरून ५ टक्के झाला आणि ट्रक-कारच्या नव्या टायरांवर २८ वरून १८. ट्रॉलीला आपण ट्रकच्या मापाचे टायर लावतो, म्हणजे तुम्हाला १८ टक्केवाला हिशोब धरायचा. थोडं स्वस्त झालंय, पण रिमोल्डचा खर्च नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असतो, ती दरी काही मिटली नाही.

कॅसिंग | १३ ऑक्टोबर, रात्री ९:२५

यात एक मधला मार्ग आहे. स्वतः नवे टायर घ्या, ते अति न झिजवता, खोबण शिल्लक असतानाच काढून रिमोल्ड करून घ्या. मग कॅसिंगचा सगळा इतिहास तुम्हाला माहीत असतो. गुळगुळीत होईपर्यंत घासलेल्या टायरवर रबर चढवलं की खडे थेट धाग्यापर्यंत पोचलेले असतात.

आणि हंगाम संपल्यावर ट्रॉली मे ते ऑक्टोबर तशीच उन्हात उभी ठेवू नका. ठोकळ्यांवर उचला, चाकं जमिनीपासून सुटी ठेवा, टायरांवर गोणपाट टाका. वेल्डिंगच्या यंत्राजवळ नको, तिथल्या ठिणग्यांतून तयार होणाऱ्या ओझोननं रबराला भेगा पडतात. वर्षातले सहा-सात महिने ट्रॉली उभीच असते. निम्मं आयुष्य तिथंच जातं.

वारणाकाठ | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

शेवटचा प्रश्न. आठांपैकी चारच नवे घेता आले तर कुठं लावायचे?

हेडवाला | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

आधी हेडचे पुढचे दोन बघा, ते धड नसतील तर ट्रॉलीचा विचार नंतर. ते ठीक असतील तर चारही नवे दोन्ही ट्रॉल्यांच्या पुढच्या, वळणाऱ्या धुऱ्यांवर लावा. तिथला टायर गेला तर ट्रॉली जोडायचा दांडा एकदम बाजूला खेचला जातो आणि हेडलाही ओढतो. मागच्या धुऱ्यावरचा गेला तर ट्रॉली बसते, पण सरळ राहते. एका धुऱ्यावर एक नवा आणि एक रिमोल्ड अशी जोडी मात्र करू नका.

कॅसिंग | १४ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

बरोबर. उरलेल्या चार रिमोल्डच्या जोड्या टेप लावून जुळवा. नक्षीच्या मधोमध सगळीकडून घेर मोजायचा आणि घेर ज्यांचा जुळतो ते एका धुऱ्यावर. पण टायर फुगवल्या फुगवल्या मोजू नका. पूर्ण हवा भरून चोवीस तास ठेवा आणि मग टेप लावा, नायलॉनचा टायर पहिल्या दिवशी थोडा वाढतो.